डावा ठोका, उजवा ठोका

अल्बम पुरा होऊन दोन महिने झाले. सात तुकडे, एकूण 31 मिनिटं. त्यात एकही वाद्य मी वाजवलेलं नाही. सगळे आवाज सोलापुरातले, माझ्या हातानं रेकॉर्ड केलेले, मग कॉम्प्युटरवर कापून, ताणून, उलटे करून एकमेकांवर रचलेले. साखर पेठेतला माग, विडीची कात्री, गड्ड्याची म्हणजे संक्रांतीच्या जत्रेची गर्दी, चार-पाच दिवसांनी नळाला पाणी आलं की आमच्या गल्लीत होणारा घागरींचा आवाज. यालाच सॅम्पलिंग म्हणतात: आधीच असलेल्या आवाजाचा तुकडा उचलायचा आणि त्यातून दुसरं काहीतरी उभं करायचं.

दिवसा मी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर डिझाइन काढते. रात्री जेवणं आटोपली की हेडफोन लावून बसते. झूमचा छोटा रेकॉर्डर आहे, एच1एन, आणि जोडकाम रीपर या सॉफ्टवेअरमध्ये करते. दीड वर्ष लागलं. कसं केलं त्याबद्दल आधी लिहून झालंय. आज ज्यांनी ऐकलं ते काय म्हणाले ते लिहायचंय, कारण त्या बोलण्यामुळे अल्बममधले तीन तुकडे मला पुन्हा करावे लागले आणि आता तेच तीन मला सगळ्यात जवळचे वाटतात.

सगळ्यात आधी ऐकलं पुण्याच्या मैत्रिणीनं. ती सोमवारी सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसनं परत निघाली होती. कुर्डुवाडी येईपर्यंत तिचं एकदा ऐकून झालं होतं आणि दुसऱ्यांदा सुरू होतं. तिला तिसरा तुकडा, मागाचा, फार आवडला. तिचा मेसेज असा: 'हा किक कुठल्या ड्रम मशीनचा आहे? क्लबमध्ये लागला तर लोक खाली बसणार नाहीत.' किक म्हणजे ड्रमचा खालचा, जाड ठोका. किक नव्हताच तो. साखर पेठेतल्या एका जुन्या मागाचा एक ठोका मी कापून घेतला होता, खालचा खर्ज थोडा वाढवला होता आणि तोच ठोका चार मिनिटं सरळ रेषेत लावला होता. तिला तो माग वाटला नाही याचा मला मनापासून आनंद झाला.

त्या आनंदाला कारण होतं. पिएर शेफेर या फ्रेंच माणसानं 1948 साली पॅरिसच्या बातिन्योल स्टेशनावर रेल्वेचे आवाज रेकॉर्ड केले आणि ते तबकड्यांवर कापून-जोडून तीन मिनिटांच्या आसपासची एक रचना केली. त्याच वर्षी ती फ्रेंच रेडिओवरून लागली. सॅम्पल करणाऱ्या आम्हा सगळ्यांची वंशावळ तिथपर्यंत जाते. पुढे शेफेरनं एक विचार मांडला तो असा की आवाज कशाचा आहे हे विसरून नुसता आवाज ऐकावा: त्याचा पोत, त्याची उंची, त्याचं सुरू होणं आणि विरणं. मला हा विचार पहिल्यांदा वाचला तेव्हापासून पटलेला. माग हा माग वाटू नये, यासाठी मी किती रात्री घालवल्या ते मलाच ठाऊक.

सोलापुरात मात्र ते कुणालाच जमलं नाही.

ऑफिसात तिघांनी ऐकलं, छान म्हणाले, त्यापुढे काही नाही. शेजारच्या काकांनी पाचवा तुकडा ऐकला आणि मध्येच थांबवायला सांगितलं. संक्रांतीच्या गड्ड्यात नंदीध्वजांच्या मिरवणुकीत मी रेकॉर्डर घेऊन चालले होते. सात नंदीध्वज, म्हणजे सिद्धेश्वराच्या मानाच्या उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतले लोक, आणि सोलापूरकराच्या अंगावर दरवर्षी काटा आणणारी ती आरोळी, 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र'. त्यातला 'हर्र' मी तोडून घेतला होता आणि ताणून ताणून त्याचा एक लांबलचक सूर केला होता. मला तो सुंदर वाटायचा. काका बाराबंदी घालून वर्षानुवर्षं त्या मिरवणुकीत चालतात. ते म्हणाले, "देवाचं नाव असं मधीच तोडायचं न्हाई बग. घ्यायचं तर पूर्ण घे, नायतर नको घेऊ." त्यांच्या आवाजात राग नव्हता. जेवताना ताटात उरलेलं बघून मोठी माणसं बोलतात तसं बोलले.

मी दोन दिवस विचार केला. धार्मिक भावना वगैरे म्हणून मी बदलणार नव्हते. पण आरोळी पूर्ण लावून पाहिली आणि लक्षात आलं की एकट्या 'हर्र'ला मी नुसता आवाज समजत होते, तो खरं तर उत्तर आहे. आधी एक जण हाक घालतो, मग सगळी गर्दी ते देते. हाकच कापून टाकली तर उत्तराला अर्थ काय राहणार? आता तिथे हाकही आहे, आणि तिच्यानंतरचा तो क्षणभराचा श्वासही.

कात्रीच्या तुकड्याबद्दल पेद्दम्मा जे बोलली ते जास्त लागलं. पेद्दम्मा म्हणजे माझ्या आईची मोठी बहीण. आयुष्यभर विड्या वळल्या. भिजवलेलं पान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांवर. कुंभारीच्या विडी घरकुल वसाहतीत तिच्या ओळखीच्या बायका अंगणात काम करत होत्या, तिथेच मी कात्र्यांचे आवाज घेतले होते. त्यांना विचारून घेतले होते. सहा कात्र्या वेगवेगळ्या वेगानं चालतात तेव्हा जो पाऊस पडल्यासारखा आवाज होतो तो कुठल्याही यंत्रानं करून दाखवावा.

पेद्दम्मानं ऐकलं आणि विचारलं, "ही खोकते ती कोण?"

रेकॉर्डिंगमध्ये मागे एक बाई खोकली होती. मला तो खोकला आवडला होता. कात्र्यांच्या त्या कोरड्या आवाजात तेवढाच एक माणसाचा आवाज होता, म्हणून मी तो पुन्हा पुन्हा आणला.

"अकरा वेळा लावलास," पेद्दम्मा म्हणाली. तिनं मोजलं होतं. हजारावर मजुरी घेतलेल्या बाईचं मोजणं चुकत नाही. "तिला सांगितलंस का अकरा वेळा लावलास म्हणून?"

मी कात्रीची परवानगी घेतली होती, खोकल्याची नाही. तंबाखूच्या धुळीत वर्षं काढलेल्या बाईचा खोकला हा माझ्यासाठी पोत झाला होता. त्या रात्री मला विन्स्टन्स या अमेरिकन बँडचा ड्रमर ग्रेगरी कोलमन आठवत राहिला. 1969 साली एका गाण्याच्या मध्यावर त्यानं चार आवर्तनं एकट्यानं ड्रम वाजवला, सुमारे 7 सेकंद. ते 7 सेकंद पुढे जगभरात हजारो गाण्यांत कापून वापरले गेले. जंगल आणि ड्रम अँड बेस हे इलेक्ट्रॉनिक संगीताचे दोन्ही प्रकार जवळजवळ त्यावरच उभे आहेत. कोलमन 2006 साली गेला. त्या ठोक्यांबद्दल त्याला एक पैसाही मिळाला नाही. ही गोष्ट मी सॅम्पलिंग शिकू लागले तेव्हापासून लोकांना सांगत आलेय, आणि दर वेळी संतापून सांगितलीय.

रविवारी कुंभारीला गेले. त्या मावशींना इअरफोन लावून दिले. त्यांनी पूर्ण ऐकलं, मग म्हणाल्या, "खोकला काढ बाई. पोरीचं लग्न ठरतंय." कात्री मात्र राहू दे म्हणाल्या. थोड्या वेळानं स्वतःच विचारलं, "मी काही बोलू का त्यात?" काय बोलायचं ते त्यांनीच ठरवलं. ओकटी, रेंडु, मूडु... तेलुगूत एक ते पंचवीस. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. आता अकरा खोकल्यांच्या जागी तो आकडा आहे आणि पंचवीसला तुकडा संपतो. आधी तो कुठे संपवावा हे मला कधीच सुचलं नव्हतं.

आता बापूंबद्दल.

माझे वडील 31 वर्षं मागावर होते. टॉवेलचे माग, धोट्याचे, जुने. धोटा म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे घेऊन जाणारा लाकडी तुकडा. धोट्याच्या मागांच्या कारखान्यातला आवाज 90 डेसिबलच्या वर सहज जातो, आणि आठ तासांच्या पाळीसाठी कायद्यानं घालून दिलेली मर्यादा 90 आहे. कानात कापूस घालणारे फार थोडे. बापूंच्या कानांची तपासणी केली तेव्हा डॉक्टरांनी आलेख दाखवला. खालचे सूर बऱ्यापैकी शाबूत, आणि वरच्या सुरांत, 4000 हर्ट्झच्या आसपास, खोल खड्डा. गोंगाटात काम केलेल्यांचा आलेख असाच असतो. स, श, त, क ही अक्षरं त्यांच्या हातून निसटतात. घरात आम्ही त्यांच्यासमोर उभं राहून बोलतो, कारण ते ओठ वाचतात. ती सवय कारखान्यातलीच. मागांच्या मधे उभं राहून सगळे कामगार ओठांनी आणि हातांनीच बोलायचे.

म्हणून त्यांना अल्बम ऐकवायचा मी टाळत होते. मी ज्यावर महिने घालवले ती सगळी बारीक करामत त्यांच्या त्या खड्ड्यात पडणार होती. शेवटी अम्माच म्हणाली, ज्यांचा माग त्यांना सोडून सगळ्या गावाला ऐकवलंस. मग एका संध्याकाळी स्पीकर त्यांच्या पलंगावर ठेवला आणि तिसरा तुकडा लावला. ते पुढे वाकले नाहीत, कान आणला नाही. तळहात स्पीकरवर ठेवला आणि डोळे मिटले.

संपल्यावर म्हणाले, "परत लाव."

परत लावला. अर्ध्यात त्यांनी हात उचलला. "माग एकाच बाजूनं चालतो का गं?"

मला कळलं नाही. त्यांनी दोन्ही हात पलंगावर ठेवले आणि वाजवून दाखवलं. डावा, उजवा, डावा, उजवा. धोटा इकडून मारला की तिकडच्या पेटीत जाऊन आपटतो, तिकडून मारला की इकडे. दोन्ही बाजूंच्या पेट्या सारख्या झिजलेल्या नसतात, मारणारे दांडे सारखे घट्ट नसतात. त्यामुळे दोन ठोके कधी एकसारखे नसतात. "तुझ्यात नुसता उजवा आहे. धोटा तिकडून परत आलाच नाही."

मी ज्या कारखान्यात काम करते तिथे रॅपिअर लूम आहेत. त्यांना धोटा नसतो, सूत एकाच बाजूनं येतं, डावा-उजवा असा फरकच नसतो. माझ्या कानाला तो सारखेपणा इतका अंगवळणी पडलाय की जुन्या मागाचं रेकॉर्डिंग ऐकतानाही मी त्यातला फरक चूक समजून पुसून टाकला होता.

बापू थांबले नाहीत. "आणि टॉवेल आहे ना हा? मग तीन कुठंयत?" टॉवेलच्या कापडाला दोऱ्याचे जे उभे फेर असतात, ते येतात कसे ते त्यांनी सांगितलं. दोन आडवे दोरे कापडाच्या कडेपासून जरा लांबच थांबवायचे, आणि तिसऱ्याला फणीनं तिन्ही एकदम पुढे ठोकायचे. तेव्हा सैल सोडलेला ताणा, म्हणजे उभे दोरे, वर उचलला जातो आणि फेर तयार होतो. म्हणजे दोन हलके, तिसरा भरीव. त्यांनी पलंगावर पुन्हा वाजवलं, या वेळी दोन्ही गोष्टी एकत्र: डावा हलका, उजवा हलका, डावा भरीव, उजवा हलका, डावा हलका, उजवा भरीव. मग पुन्हा पहिल्यापासून.

सहा मात्रा. तीन-तीनचे दोन भाग, दुसरा भाग पहिल्यासारखाच पण हात बदललेला. धा धी ना, धा ती ना. दादरा! टॉवेलची डिझाइनं काढून मी पगार घेते, ते फेर माझ्या पडद्यावर रोज असतात, आणि त्यांचा ताल मला माहीत नव्हता.

रात्री मूळ रेकॉर्डिंग उघडलं. मी साफ न केलेलं. पडद्यावर लाट मोठी करून पाहिली: दोन बुटके ठोके, एक उंच, दोन बुटके, एक उंच. आणि एकाआड एक ठोक्याचा शेवट वेगळा. एका बाजूच्या पेटीत कुठलं तरी पत्र्याचं टोक ढिलं असणार, ते मागाहून थरथरतं. सगळं तिथे होतंच.

तो तुकडा मी पुन्हा पहिल्यापासून केला. ठोके जोडले नाहीत, सलग सहाचं आवर्तनच घेतलं, खर्ज वाढवला नाही. पुण्याच्या मैत्रिणीला पाठवला. तिला आधीचाच बरा वाटतो, हा 'थोडा लंगडतो' म्हणाली. तिचं ऐकणं प्रामाणिक आहे आणि मला तिचा राग नाही, पण मी तिच्याशी सहमत नाही. शेफेरचा विचारही मी सोडून दिलेला नाही. तरी आवाज कशाचा आहे हे विसरून ऐकताना मी त्यातला अर्धा आवाजच गमावला होता, आणि तो परत दिला तो कशाचा आहे हे विसरूच न शकणाऱ्या माणसानं, तेही जवळजवळ न ऐकता.

गेल्या गुरुवारी बापूंना नवा तुकडा लावला. पुन्हा तळहात स्पीकरवर. पहिलं मिनिट त्यांचा अंगठा नुसता हलत होता, दर तिसऱ्याला. दोन मिनिटांनंतर एक जागा आहे तिथे माग अचानक थांबतो. रेकॉर्डिंगच्या वेळी तो थांबलाच होता, मला ती शांतता आवडली म्हणून मी ठेवली. का थांबला हे मी तेव्हा पाहिलं नव्हतं.

बापूंनी डोळे उघडले. "सूत तुटलं," म्हणाले, आणि त्यांचा उजवा हात स्पीकरवरून उचलला जाऊन बाजूला हवेत गेला, कमरेच्या उंचीवर, जिथे हँडल असतं.