अजगराने खाणं सोडलं तेव्हा

बॉल पायथन हा छोटा अजगर खाण्याच्या बाबतीत हट्टी असतो, हे तो पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. पूर्ण वाढलेला नर थंडीच्या, म्हणजे जोडीच्या दिवसांत, काही महिनेसुद्धा उपाशी राहतो आणि तरी ठणठणीत असतो. त्यामुळे माझ्या नराने उंदराकडे पाठ फिरवली, तेव्हा पहिले काही आठवडे मी शांत होते. कात टाकायच्या आधीही साप खात नाही; डोळे निळसर, दुधाळ दिसतात आणि तेव्हा त्याला भक्ष्य दाखवण्यात अर्थ नसतो. पण याचे डोळे स्वच्छ होते.

काळजी वाटायला लागली ती वजनामुळे. मी त्याला दर आठवड्याला स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर झाकणाच्या डब्यात ठेवून तोलते आणि वहीत लिहिते. उपास धरलेल्या निरोगी सापाचं वजन फारसं हलत नाही. याचं १,६५० ग्रॅमवरून उतरत १,४४० वर आलं. वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं तर पशुवैद्याकडे जायचं, हा माझा नियम आहे आणि तो ओलांडला गेला होता.

त्याच सुमाराला रात्री त्याच्या काचेच्या टाकीजवळ बसलेली असताना मला आवाज ऐकू आला. प्रत्येक श्वासाला बारीक 'टक्', बुडबुडा फुटल्यासारखा. टॉर्च लावला. तो मान उंच धरून बसला होता, तोंड किंचित उघडं आणि ओठाच्या कडेला लाळेची तार. सापाला खोकता येत नाही, त्यामुळे छातीत साचलेला कफ बाहेर पडायला वाव नसतो. मान वर करून, तोंड उघडून श्वास घेणं म्हणजे श्वसनमार्गाचा संसर्ग असण्याची दाट शक्यता. पोटात गोळा आला.

सगळ्यात आधी टाकीचं तापमान पाहिलं. काचेवरचा थर्मामीटर ठीक आकडा दाखवत होता, पण तो हवेचा. इन्फ्रारेड थर्मामीटरने उबदार कोपऱ्याचा पृष्ठभाग मोजला, तर २७ अंश. तिथे ३१ ते ३३ लागतात. हीट मॅटचा, म्हणजे ऊब देणाऱ्या विजेच्या चटईचा, अर्धा भाग निकामी झाला होता. सापाचं पचन आणि रोगप्रतिकारशक्ती दोन्ही बाहेरच्या उबेवर चालतात. ऊब कमी पडली की भूक मरते आणि एरवी निरुपद्रवी राहणारे जंतूही जोर धरतात. नवी मॅट बसवली आणि तिची ऊब नियंत्रित करणाऱ्या थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, नीट चिकटवला.

पण नुसत्या उबेवर हे भागणार नव्हतं. सरपटणारे प्राणी तपासणारे पशुवैद्य शोधले. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर साप तपासत नाही. डॉक्टरांनी मऊ प्लास्टिकच्या पट्टीने तोंड हलकेच उघडून हिरड्या पाहिल्या. हिरड्या लाल असत्या किंवा दह्यासारखा पू दिसला असता, तर तो तोंडाचा संसर्ग. तसं काही नव्हतं, मात्र घशात फेस होता. त्याचा नमुना तपासणीला गेला, फुप्फुसाचा एक्स-रे झाला. खवल्यांच्या फटीत आणि डोळ्यांभोवती गोचिडीसारखे काळे ठिपके, म्हणजे माइट्स, आहेत का तेही पाहिलं. नव्हते.

उपचार म्हणून सेफ्टाझिडीम या प्रतिजैविकाची इंजेक्शनं दर ७२ तासांनी, शरीराच्या पुढच्या भागातल्या स्नायूत. मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडाकडे जाऊ शकतं, म्हणून पुढे टोचायचं, असं डॉक्टरांनी समजावलं. मी त्यांना जबरदस्तीने भरवण्याबद्दल विचारलं. त्यांनी ठाम नकार दिला आणि आता मलाही ते पटलं आहे: आधीच श्वास कोंडलेल्या सापाच्या घशात काही कोंबलं, तर ते फुप्फुसात जायची भीती असते. तोपर्यंत स्वच्छ पाणी, ऊब आणि दोन घट्ट आडोसे, एक उबदार बाजूला, एक थंड. बाकी त्याला एकटं सोडणं. हे सगळ्यात जड गेलं.

टकटक थांबल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मी नेहमीपेक्षा लहान उंदीर घेतला. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये वितळवला, मग बंद पिशवीत कोमट पाण्यात ठेवून साधारण ३८ अंशांपर्यंत गरम केला. मायक्रोवेव्ह कधीच नाही, त्यात आतून शिजतो आणि फुटतो. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खड्डे असतात. थंड भक्ष्य त्याला भक्ष्य वाटतच नाही. दिवा मालवून लांब चिमट्याने आडोशाच्या तोंडाशी धरला. जीभ आली, परत आली, मग भराभर. मानेला इंग्रजी 'एस'सारखा बाक आला आणि झडप. वेटोळी आवळली गेली तेव्हा माझे हात थरथरत होते.

त्यानंतर ४८ तास त्याला हात लावला नाही. लवकर हाताळलं की साप खाल्लेलं ओकतो, आणि ओकल्यावर पोट सावरायला किमान दहा-चौदा दिवस द्यावे लागतात. ती वेळ आली नाही. वजन हळूहळू वर चढलं.

यंदाच्या थंडीतही त्याने खाणं नाकारलं आहे. वजन जागच्या जागी आहे, श्वासाचा आवाज नाही, मॅटखालचा आकडा ३२. म्हणून वितळवलेला उंदीर टाकून देते, पुन्हा गोठवत नाही, हात धुते आणि दहा-बारा दिवसांनी परत विचारते.