बटाव्हियाची शेठाणी

जकार्ताच्या कोटा स्टेशनवरून चालत फताहिल्ला चौकात आलं की रंगीबेरंगी सायकली आणि भल्यामोठ्या टोप्या भाड्यानं देणारे मागे लागतात. मागची पांढरी इमारत म्हणजे डचांचं जुनं नगरभवन, आता संग्रहालय. मी आले होते सतराव्या शतकात इथं, म्हणजे डचांच्या बटाव्हियात, राहिलेल्या कोर्नेलिया फान नाइयनरोडेचं शहर बघायला. पण तिच्या काळात ही इमारत नव्हतीच, आणि तेव्हाचा किल्लाही 1809 च्या सुमारास पाडला गेला. मग काली बेसारच्या कालव्याकाठी सावली शोधून बसले आणि फोनवर तिचं चित्र उघडलं.

याकोब कूमाननं 1665 साली काढलेलं हे चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीचा वरिष्ठ व्यापारी पीटर क्नोल, मोत्यांनी मढलेली कोर्नेलिया, दोन मुली कातारिना आणि हेस्टर, मागे फळांची टोपली घेतलेली गुलाम बाई आणि एक गुलाम पुरुष. कोर्नेलियाचा जन्म जपानमधल्या हिराडोचा. बाप तिथल्या डच वखारीचा प्रमुख, आई जपानी. बाप वारला आणि पोरीला आईपासून तोडून बटाव्हियात आणलं. पुढे तिनं हिराडोला पाठवलेली पत्रं अजून शिल्लक आहेत. तिला दहा मुलं झाली, बहुतेक तिच्या डोळ्यांदेखत गेली.

1672 मध्ये क्नोल वारला आणि ती गडगंज विधवा झाली. चार वर्षांनी तिनं वकील योहान बिटरशी लग्न केलं. लग्नाआधी करार करूनही डच कायद्यानं बायकोच्या पैशाचा कारभार नवऱ्याकडेच! मारहाण, हिऱ्यांची चोरटी पाठवणी, दाव्यामागून दावे. शेवटी म्हातारपणी ती 1687 मध्ये जहाजानं हॉलंडला भांडायला गेली. 1691 च्या निकालात तिच्या मालमत्तेच्या उत्पन्नातला वाटा नवऱ्यालाच मिळाला.

चित्रातला गुलाम म्हणजे उंटुंग, पुढे डचांविरुद्ध उठलेला बंडखोर सुरापाती, असं इथले लोक हमखास सांगतात. मला पटत नाही. त्याचा जन्म 1660 च्या सुमारास झाला असं मानलं, तर चित्राच्या वेळी तो जेमतेम पाच वर्षांचा असणार. क्नोलच्या घरात तो वाढला ही परंपरा मात्र जुनी आहे. 1686 मध्ये जावातल्या कार्तासुरात त्याच्या लढाईत डच कॅप्टन टाक मारला गेला, आणि 1975 पासून सुरापाती इंडोनेशियाचा राष्ट्रीय वीर आहे. जकार्ताच्या मेंतेंग भागात त्याच्या नावाची झाडांनी गच्च बाग आहे, तिथं संध्याकाळी गेले. क्नोल शेठच्या नावाचं मात्र मला शहरभर काही दिसलं नाही.