पाळकसाहेब फक्त रविवारचे नसतात

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नवीन पाळकसाहेब (पास्टर) बदलून आले की पहिल्याच रविवारी उपासना सुटल्यावर सगळीकडे एकच चर्चा, संदेश कसा वाटला? आवाज भारी आहे, गाणं पण येतं, चला पास. मला हे खरंच खटकतं. बायबलमधल्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा ३ रा अध्याय काढून बघा, मंडळीचा पुढारी कसा असावा याची प्रेषित पौलाने तिथे केवढी यादी दिलीय, त्यात शिकवता येणं ही एकच गोष्ट कलेची आहे, बाकी सगळं वागणुकीचं. दारू नको, भांडखोरपणा नको, पैशाची हाव नको, घरात पाहुण्याचं स्वागत व्हावं, स्वतःचं घर नीट सांभाळता यावं, आणि बाहेरच्या लोकांतही नाव चांगलं असावं. हे शेवटचं तर आपण विचारतच नाही! गल्लीतला किराणावाला, शाळेतले मास्तर, शेजारची हिंदू-मुसलमान घरं आपल्या पाळकाबद्दल काय बोलतात, त्यालाही पौल महत्त्व देतो.

खरं काम सोमवार ते शनिवार असतं. घरभेटी, दवाखाना, मयत, नवरा-बायकोची भांडणं, दृढीकरणाचा (मंडळीचं पूर्ण सभासद होण्याआधीच्या शिकवणीचा) वर्ग, रात्री बाराला आलेला फोन. आणि त्या घरात जे ऐकलं ते तिथेच ठेवायचं, पुढच्या रविवारी पुलपिटवरून उदाहरण म्हणून नाव न घेता जरी सांगितलं तरी छोट्या मंडळीत सगळ्यांना कळतं कोणाबद्दल चाललंय, आणि ते घर परत कधी मन मोकळं करत नाही. मला वाटतं पाळकाचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं.

दुसरं पैसे. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना पौलाने आपला सहकारी तीत याच्याबरोबर अजून विश्वासू भाऊ पाठवले, का तर कोणी बोट दाखवू नये म्हणून. एवढा मोठा प्रेषित एवढी काळजी घेतो, मग अर्पण दोघा-तिघांनी मिळून मोजावं, हिशोब बोर्डावर लावावा, यात पाळकाचा अपमान कसला? उलट त्याचंच रक्षण आहे.

आता आपली बाजू. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचं काम सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्ताला मानणाऱ्यांचा परिवार सुरू केला, त्यांची भजनं आपण आजही प्रेमाने गातो, पण तसा त्याग प्रत्येक पाळकाच्या घराकडून मागायचा हक्क आपल्याला नाही. त्यांचीही पोरं शाळेत जातात, पाळकीणबाईंनाही महिन्याचा किराणा भरायचा असतो. मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नका हे तीमथ्याच्या त्याच पहिल्या पत्रात ५ व्या अध्यायात आहे, आणि ते मंडळीच्या वडिलांच्या, म्हणजे पुढाऱ्यांच्या, मेहनतान्याबद्दलच आहे, तरी पगार थकला की कमिटीत कोणी तोंड उघडत नाही. म्हणून यंदाच्या वार्षिक सभेत बिल्डिंगच्या रंगाआधी पाळकाच्या पगाराचा विषय घ्या असं मी सेक्रेटरींना लेखी दिलंय, तुम्हीही तुमच्या मंडळीत द्या.