स्प्लिट एसी: पंचविसाव्या मिनिटाचा कट-ऑफ अखेर सापडला

माझा स्प्लिट एसी वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप थांबायचा. कपॅसिटर बदलून तो बरा झाला, असा विजयाचा डंका मी मागच्या अपडेटमध्ये पिटला होता, तो मुकाट्याने मागे घेतो. कपॅसिटर (कॉम्प्रेसरला सुरू व्हायला आणि चालायला मदत करणारा भाग) बदलला (५० मायक्रोफॅरडचा ४४ दाखवत होता, कधीतरी जाणारच होता), दोन दिवस एसी गारेगार चालला आणि तिसऱ्या रात्री पुन्हा तेच. वीस-पंचवीस मिनिटं झकास, मग आउटडोअर (कॉम्प्रेसर असलेली बाहेरची पेटी) गप्प आणि आत नुसता पंखा. दहा मिनिटांनी आपलं आपण चालू.

ज्याला विचारावं तो म्हणतो, गॅस कमी झालाय. अरे, गॅस काय पेट्रोल आहे जळून जायला? कमी झाला असेल तर गळती असणार, आणि ती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी. माझी कॉइल (आतल्या पेटीतली हवा गार करणारी जाळी) टोकापासून टोकापर्यंत सारखी घामेजत होती, आत जाणारी हवा २५ अंश, बाहेर पडणारी १३, म्हणजे गॅस ठीक वाटत होता. गॅसचा दाब मोजणारं गेज लावायला हात शिवशिवत होते, पण आवरले.

त्याऐवजी क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) लावून आउटडोअरच्या टर्मिनलशी बसलो. हा मीटर नसेल तर बाकीची हत्यारं विकून आधी तोच घ्या. चोविसाव्या मिनिटाला करंट शून्य, आणि टर्मिनलवर व्होल्टेजही शून्य! म्हणजे कॉम्प्रेसर जास्त तापून स्वतःच्या ओव्हरलोड स्विचवर ट्रिप होत नव्हता, आतल्या पेटीतला कंट्रोल बोर्डच त्याला बंद करत होता. आठवडाभर मी चुकीच्या पेटीत डोकं घालून बसलो होतो.

बोर्ड असं मुख्यतः दोन कारणांनी करेल: खोली गार झाली असं वाटलं, नाहीतर कॉइलवर बर्फ धरतोय असं वाटलं. मेन बंद करून खोलीचा आणि कॉइलचा असे दोन्ही तापमान सेन्सर काढले. गारठा वाढला की यांचा रेझिस्टन्स वाढतो आणि त्यावरून बोर्ड तापमान ओळखतो. खोलीच्या तापमानाला दोन्ही १० किलोओहमच्या आसपास, अगदी शहाण्यासारखे. इथेच मी त्यांना क्लीन चिट देणार होतो. मग वाटलं, दुखणं गारठ्यात होतं तर तपासणीही गारठ्यात करू. मगात बर्फ कुटून पाणी घातलं आणि कॉइल सेन्सर बुडवला. मीटरवर किलोओहम चढत गेले: १२, १६, २२, २७... आणि टुणकन ६१! तांब्याच्या टोपीतून वायर निघते तिथे जरा दाबली की परत ३१. शून्य अंशाला असा सेन्सर साधारण २८ ते ३४ दाखवतो. ६१ म्हणजे बोर्डाच्या लेखी कॉइल केव्हाच गोठली. मानेतला जोड गार झाला की सुटत होता. कपॅसिटर बदलला त्याच दिवशी फिल्टर धुताना ती वायर हलली असणार, म्हणून दोन दिवस सुखाचे गेले.

खात्री करायला सेन्सरच्या जागी १० किलोचा (किलोओहमचा) रेझिस्टर लावणार होतो. पण मग बोर्डाला कॉइल २५ अंशांवरच अडकलेली दिसेल आणि एखादा बोर्ड ‘कूलिंग होत नाही’ म्हणून वेगळाच एरर फेकेल. हातात धरल्यावर सुचलं, २२ किलो लावू. तो ६ ते ८ अंशांसारखा दिसतो. बर्फापासूनचं संरक्षण त्यामुळे निकामी होतं, म्हणून टॉर्च घेऊन कॉइलसमोर बसून राहिलो. पन्नास मिनिटं एकही कट-ऑफ नाही. त्या पन्नास मिनिटांत कॉम्प्रेसरची घरघर इतकी गोड कधी लागली नव्हती.

नवा सेन्सर मागवला. पाकिटावर १० किलो, मीटरवर ५! तसाच लावला असता तर बोर्डाला खोलीच्या तापमानाची कॉइल चाळीस अंशांची वाटली असती. सेन्सर विकणाऱ्यांना बीटा व्हॅल्यू (तापमानाबरोबर रेझिस्टन्स किती बदलतो तो आकडा) विचारली की ते आपल्याकडे परग्रहावरून आल्यासारखे बघतात, तेव्हा आल्या आल्या मोजा.

शेवटी भंगार बोर्डावरचा जुना सेन्सर कामी आला: खोलीत १०.१, बर्फात ३२. चार रात्री झाल्या, सुरळीत आहे. पुढचा बेत आउटडोअर पंख्याच्या खडखडाटाचा होता, पण आधी कॉइलवर लॉगर (तापमान नोंदवत राहणारं यंत्र) लावून रात्रभराचा आलेख काढतो. आणि ५ किलोवाला सेन्सर कुणाच्या मशीनला चालत असेल तर सांगा, पाकीट फोडलंय म्हणून विक्रेता परत घेत नाहीये.