त्रिशंकू सभागृह आणि राजाचा विवेकाधिकार

ज्या देशात पंतप्रधान आणि संसद आहे, त्या देशात राजाला काम तरी काय उरते, हा प्रश्न राज्यशास्त्र शिकवत असताना वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारत असे. राजा राज्य करतो, पण शासन करत नाही, हे ठरलेले उत्तर मुलांना कधी पटले नाही, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. अक्कलकोटचे संस्थान सोलापुराच्या शेजारीच होते. इथल्या जुन्या पिढीने राजा पाहिला होता तो हुकूम देणारा. त्यामुळे एका पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले की त्याच्या नेत्याला बोलावून शपथ देणारा राजा म्हणजे मुलांच्या दृष्टीने निव्वळ शिक्का होता. घटनात्मक राजाची खरी परीक्षा होते ती कोणालाच बहुमत नसते तेव्हा. पहिल्यांदा कोणाला बोलवायचे, किती दिवस वाट पाहायची आणि पाठिंब्याच्या कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या काळात कोणीतरी द्यावीच लागतात, आणि बहुतेक देशांत ती राज्यघटनेत पुरती लिहिलेली नसतात.

इतिहासातले एक उदाहरण सोलापूरकरांनी वेगळ्या नजरेने पाहावे असे आहे. मे १९३० मध्ये या शहरावर मार्शल लॉ लादला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. ज्या पंचम जॉर्जच्या नावाने हा कारभार चालला होता, तोच राजा त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये एक संमिश्र सरकार जुळवत होता. बेकारभत्त्यातील कपातीवरून मजूर पक्षाचे मंत्रिमंडळ दुभंगले होते आणि पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड राजीनामा देण्याच्या विचारात होते. राजा बालमोरलहून परतला, उदारमतवादी सॅम्युएल आणि हुजूर पक्षाचे बाल्डविन यांना भेटला, आणि २४ ऑगस्टला तिन्ही नेत्यांना राजवाड्यात एकत्र बसवून मॅकडोनाल्ड यांच्याच नेतृत्वाखाली राष्ट्रीय सरकार स्थापन होईल असे पाहिले. राजाने कोणाला हुकूम दिला नाही. पण राजीनामा देऊ नका असा आग्रह खुद्द राजाने धरला की तो मोडणे सोपे नसते. मजूर पक्षाने मॅकडोनाल्ड यांना पक्षातून काढून टाकले, आणि ऑक्टोबरच्या निवडणुकीत त्या पक्षाच्या केवळ ५२ जागा उरल्या. सभागृहातल्या सर्वांत मोठ्या पक्षाच्या इतर नेत्यांचे मत न विचारता राजाने हे केले, हा आक्षेप पुढे अनेक वर्षे घेतला जात होता. मलाही तो रास्त वाटतो. इकडे वसाहतीत मार्शल लॉ आणि तिकडे मायदेशी समजुतीच्या गोष्टी, हा फरक राजाच्या स्वभावाचा नव्हता. तिकडे त्याच्यासमोर मतदार होते आणि इकडे नव्हते.

युरोपातल्या राजांना संयम शिकवला तो भीतीने, असे माझे मत आहे. डेन्मार्कचे क्रिश्चन दहावे यांनी मार्च १९२० मध्ये जर्मनीच्या सीमेवरच्या फ्लेन्सबर्ग शहराच्या प्रश्नावरून पंतप्रधान झाह्ले यांचे मंत्रिमंडळ बडतर्फ केले. त्या भागातल्या लोकांनी सार्वमतात मोठ्या बहुमताने जर्मनीच्या बाजूने कौल दिला होता आणि सरकार तो कौल मानत होते. राजाला मात्र ते मान्य नव्हते. कोपनहेगनमध्ये सार्वत्रिक संपाची हाक दिली गेली, प्रजासत्ताकाच्या घोषणा झाल्या, आणि आठवडाभरात राजाला माघार घ्यावी लागली. त्यानंतर एकाही डॅनिश राजाने किंवा राणीने संसदेच्या इच्छेविरुद्ध सरकार घडवण्याचा प्रयत्न केलेला नाही. तिथे निवडणुकीनंतर पक्षांचे प्रतिनिधी राजाला आपापली शिफारस कळवतात आणि ज्याच्या बाजूने जास्त खासदार दिसतात त्याच्याकडे वाटाघाटींचे काम जाते. म्हणजे बेरीज पक्ष करतात, राजा ती फक्त वाचतो. बेल्जियमचे लिओपोल्ड तिसरे यांना तर १९५० च्या सार्वमतात बहुमत मिळूनही देश दुभंगल्यामुळे गादी मुलाकडे सोपवावी लागली.

त्याच लिओपोल्ड यांचे धाकटे चिरंजीव अल्बर्ट दुसरे यांच्या वाट्याला २०१० मध्ये जे आले, ते या विषयातले सर्वांत बोलके प्रकरण आहे. १३ जून २०१० च्या निवडणुकीत दीडशे जागांच्या सभागृहात फ्लेमिश (डच भाषक) राष्ट्रवाद्यांना २७ आणि फ्रेंच भाषक समाजवाद्यांना २६ जागा मिळाल्या. पहिल्या पक्षाला अखेरीस देशच विभागलेला हवा होता, तर दुसऱ्याला तो एकत्र टिकवायचा होता. तिथल्या प्रथेप्रमाणे राजा आधी चाचपणी करण्यासाठी एकाला नेमतो, चाचपणीतून काही आकार आला की सरकार जुळवण्याचे काम दुसऱ्यावर सोपवतो, आणि तो जुळवणारा सहसा पुढे पंतप्रधान होतो. या वेळी मात्र एकाचे काम फसले की दुसरा, दुसऱ्याचे फसले की तिसरा, असे चालले. चाचपणी करणारा, पूर्वतयारी करणारा, मध्यस्थ, वाटाघाटी करणारा अशी दरवेळी नवी पदवी शोधावी लागली. बाहेरून पाहणाऱ्याला ते हास्यास्पद वाटे. पण त्यात एक शहाणपण होते: प्रत्येक अपयश त्या त्या नेमलेल्या माणसाच्या नावावर जमा होत होते, राजाच्या किंवा राज्यसंस्थेच्या नव्हे, आणि कोणालाही मान खाली न घालता पुन्हा चर्चेला बसता येत होते. राजाशी झालेले बोलणे बाहेर सांगायचे नाही, हा संकेतही तिथे बऱ्यापैकी पाळला जातो. त्यामुळे जो नेता कॅमेऱ्यापुढे तडजोड अशक्य असल्याचे सांगतो, तोच राजवाड्यात आपली खरी शेवटची अट सांगू शकतो.

जुलै २०११ मध्ये राष्ट्रीय दिनाच्या भाषणात राजाने राजकारण्यांवरची आपली नाराजी उघड बोलून दाखवली. नोव्हेंबरमध्ये अर्थसंकल्पावरून बोलणी फिसकटली तेव्हा सरकार जुळवणारे एलियो दि रुपो यांनी आपले काम राजाकडे परत दिले. राजाने ते लगेच स्वीकारले नाही आणि त्यांना पुढे चालू ठेवायला सांगितले. २५ नोव्हेंबरला एका पतमापन संस्थेने बेल्जियमचा दर्जा खाली आणला आणि दुसऱ्याच दिवशी अर्थसंकल्पावर एकमत झाले. ६ डिसेंबर २०११ रोजी, म्हणजे निवडणुकीनंतर ५४१ दिवसांनी, सहा पक्षांच्या सरकारचा शपथविधी झाला. त्यात सर्वांत मोठा पक्ष नव्हता. याचे श्रेय राजाला किती द्यायचे आणि कर्जाच्या बाजाराला किती, याबद्दल माझा कल बाजाराकडे आहे. राजाने केले ते एवढेच की बाजाराचा तडाखा बसेपर्यंत टेबल मोडू दिले नाही. गंमत अशी की ज्या बार्ट डी वेव्हर यांचा पक्ष तेव्हा बाहेर राहिला, तेच २०२४ च्या निवडणुकीनंतर राजा फिलिप यांच्यासमोर शपथ घेऊन फेब्रुवारी २०२५ मध्ये बेल्जियमचे पंतप्रधान झाले.

स्पेनने यातला बराच भाग लिहून ठेवला आहे आणि तरीही एक फट राहिलीच. राज्यघटनेच्या ९९ व्या अनुच्छेदानुसार राजा पक्षप्रतिनिधींशी सल्लामसलत करून सभागृहाच्या अध्यक्षांमार्फत उमेदवार सुचवतो. त्याला पहिल्या मतदानात निर्विवाद बहुमत किंवा ४८ तासांनंतरच्या दुसऱ्या मतदानात साधे बहुमत मिळवावे लागते, आणि पहिल्या मतदानापासून दोन महिन्यांत कोणीच निवडून आला नाही तर पुन्हा निवडणूक होते. मेख अशी की घड्याळ सुरू होते ते पहिल्या मतदानापासून. जानेवारी २०१६ मध्ये सर्वांत मोठ्या पक्षाचे मारियानो राखॉय यांनी आपल्याकडे मते नाहीत म्हणून राजा फेलिपे यांचा प्रस्ताव नाकारला, तेव्हा घड्याळ चालूच होईना. मार्चमध्ये पेद्रो सांचेझ उभे राहून हरले. पण त्यांच्या त्या पराभवामुळेच मुदत मोजायला सुरुवात झाली आणि जूनमध्ये पुन्हा निवडणूक घेता आली. २०२३ मध्ये राजाने प्रथेप्रमाणे सर्वांत मोठ्या पक्षाच्या फेइहो यांना आधी संधी दिली. त्यांच्या बाजूने १७२ आणि विरोधात १७८ मते गणतीत आधीपासून दिसत होती, आणि सप्टेंबरअखेर घडलेही तसेच. नोव्हेंबरमध्ये सांचेझ १७९ मतांनी निवडून आले. राजाने हरणाऱ्याला बोलावले, अशी टीका झाली. परंतु त्या चुकीची किंमत काही आठवड्यांपलीकडे गेली नाही, कारण शेवटचा शब्द सभागृहाचा होता.

मलेशियाचा राजा नऊ राज्यांच्या वंशपरंपरागत शासकांमधून पाच वर्षांसाठी निवडला जातो आणि पंतप्रधान नेमताना बहुमत कोणाकडे असण्याची शक्यता आहे हे ‘त्याच्या मते’ ठरते, असे घटनाच सांगते. फेब्रुवारी २०२० मध्ये पंतप्रधान महाथिर यांनी राजीनामा दिल्यावर तेव्हाचे राजे सुलतान अब्दुल्ला यांनी सर्व २२२ खासदारांना एकेक करून भेटायला बोलावले. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्रिशंकू निकाल लागला तेव्हा अन्वर इब्राहिम आणि मुहिद्दीन यासिन यांनी एकत्र सरकार बनवावे असे त्यांनी सुचवले. मुहिद्दीन यांनी नकार दिला, आणि २४ नोव्हेंबरला अन्वर यांचा शपथविधी झाला. पाच दिवसांत प्रश्न सुटला खरा. तरीही बंद दाराआड झालेली ही शिरगणती मला अस्वस्थ करते, कारण सभागृहाबाहेर केलेली बेरीज पडताळून पाहण्याचा मार्ग प्रजेकडे नसतो.

राजाला या कामातून बाजूला केले तर काय होते, हेही आता पाहता येते. स्वीडनने १९७५ पासून हे काम सभागृहाच्या अध्यक्षांकडे दिले. नेदरलँड्सच्या कनिष्ठ सभागृहाने २०१२ मध्ये आपल्या कामकाजाच्या नियमांत बदल करून चाचपणी करणारा नेमण्याचा राणी बेआट्रिक्स यांचा अधिकार स्वतःकडे घेतला. त्या वर्षीचे सरकार झटपट बनले. २०२१ च्या निवडणुकीनंतर मात्र २९९ दिवस लागले. विलंब राजामुळे होतो, हा समज यातून निकालात निघतो. पक्ष जितके जास्त आणि त्यांच्यातला अविश्वास जितका खोल, तितके दिवस लागतात.

आता आपल्याकडे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी सांगितले होते की, आपल्या राष्ट्रपतींचे स्थान इंग्लंडच्या घटनेतील राजासारखे आहे. राज्यात तीच जागा राज्यपालांची. त्रिशंकू निकालानंतरचा राजाचा सगळा विवेकाधिकार आपण या पदांना दिला, आणि नेमकी राजाची भीती तेवढी देता आली नाही. क्रिश्चन दहावे चुकले तेव्हा त्यांची गादी आणि घराणे पणाला लागले. राज्यपाल चुकले तर काहीच पणाला लागत नाही, कारण ते केंद्राच्या मर्जीने येतात आणि त्याच मर्जीने जातात. राज्यपालपद हा आपल्याकडे राजकीय प्रवासातला एक मुक्काम असतो. आमच्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे २००४ मध्ये मुख्यमंत्रिपदानंतर लगेच आंध्र प्रदेशाचे राज्यपाल झाले आणि २००६ मध्ये केंद्रात मंत्री म्हणून परतले. यात त्यांच्या कारभारावर टीका नाही. राजपदाशी तुलना कुठे तुटते एवढेच दाखवायचे आहे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रात ही तुलना पुरतीच तुटली. २८८ पैकी भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४ आणि काँग्रेस ४४ असा निकाल होता. राज्यपालांनी आधी सर्वांत मोठ्या पक्षाला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या पक्षाला बोलावले. हा क्रम सदोष नव्हता. सदोष होते ते घड्याळ. शिवसेनेला मागितलेली मुदतवाढ मिळाली नाही, राष्ट्रवादीला दिलेली मुदत संपण्याआधीच १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली, आणि २३ नोव्हेंबरच्या पहाटे पावणेसहाच्या सुमारास ती उठवून सकाळीच भाजपचे देवेंद्र फडणवीस यांचा शपथविधी उरकला गेला. अल्बर्ट दुसरे यांनी ५४१ दिवस वाट पाहिली, ते अतीच झाले. पण एका पक्षाला चोवीस तासही जादा न देणारा आणि दुसऱ्यासाठी पहाटे उठणारा विवेकाधिकार कोणत्याही राजाला पचला नसता. सर्वोच्च न्यायालयाने २६ तारखेला खुल्या मतदानाने बहुमत चाचणीचा आदेश दिला आणि त्याच दिवशी फडणवीस यांचा राजीनामा आला.

राष्ट्रपतींच्या बाबतीतही प्रथा एकसारखी राहिलेली नाही. १९९६ मध्ये शंकरदयाळ शर्मा यांनी सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते म्हणून वाजपेयींना बोलावले आणि ते सरकार तेरा दिवसांचे ठरले. १९९८ मध्ये के. आर. नारायणन यांनी त्याच वाजपेयींकडे आधी पाठिंब्याची पत्रे मागितली. नारायणन यांची पद्धत मला अधिक योग्य वाटते. केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाने १९८८ च्या अहवालात राज्यपालांसाठी निमंत्रणाचा क्रम सुचवला आहे: निवडणूकपूर्व युती, मग इतरांच्या पाठिंब्यासह दावा करणारा सर्वांत मोठा पक्ष, मग निवडणुकीनंतरची आघाडी. तो पाळलाच पाहिजे असे मात्र कोणत्याही कायद्यात नाही.

संविधानाच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या न्यायमूर्ती वेंकटचलय्या आयोगाने २००२ मध्ये याहून सरळ वाट सुचवली होती, ती अशी की त्रिशंकू स्थितीत लोकसभेनेच आपला नेता मतदानाने निवडावा. विधानसभांनाही हेच लागू केले, तर राजभवनातले निम्मे नाट्य संपेल. फक्त मग सगळा भार सभागृहाच्या अध्यक्षांवर येतो. स्वीडनमध्ये अध्यक्ष झालेल्या खासदाराच्या जागी सभागृहात बदली सदस्य बसतो आणि अध्यक्ष स्वतः मतदान करत नाही. आपल्याकडे अध्यक्ष आपल्या पक्षातच राहतो आणि पक्षांतराच्या अपात्रतेचा निकालही तोच देतो; शिवसेनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये तो प्रश्न त्यांच्याकडेच सोपवला आणि निर्णय जानेवारी २०२४ मध्ये आला. तेव्हा राज्यपालांचा विवेकाधिकार काढून घ्यायचा असेल, तर आधी अपात्रतेचा अधिकार अध्यक्षांकडून एखाद्या न्यायाधिकरणाकडे न्यावा लागेल, आणि त्यासाठी संविधानाच्या दहाव्या अनुसूचीत दुरुस्ती करावी लागेल.