जेठियन ते राजगीर, पायी

बिहारमध्ये बोधगयेतलं डिसेंबरचं त्रिपिटकाचं, म्हणजे बौद्ध धर्मग्रंथांचं, पठण आटोपलं की भिक्षू आणि उपासक जेठियनहून राजगीरच्या वेणुवनाकडे पायी निघतात. बिंबिसार राजा बुद्धांना सामोरा आला तो याच भागात, असं मानतात. वाट तेरा-चौदा किलोमीटरची, दोन्हीकडे डोंगर आणि मधे झुडपी रान. आळंदीहून पंढरपूरला चालत गेलेल्याला हे अंतर किरकोळच.

मी विपश्यना ध्यानाचा साधक, गोएंका गुरुजींच्या परंपरेतला. चालताना लक्ष आपोआप तळव्यांकडे गेलं: टाचेखालचा खडा, बोटांमधली धूळ, घोट्यात चढणारी ऊब. शेजारी ब्रह्मदेशातले ध्यानगुरू महासी सयाडो यांच्या पद्धतीनं साधना करणारे एक बंगाली काका होते. ते पावलांची मनात नोंद करत चालले होते. ‘उचललं, पुढे नेलं, टेकवलं’ एवढं सावकाश या गर्दीत कुठलं जमायला? ‘डावा, उजवा’वर भागवतो, म्हणाले. मीही थोडा वेळ करून पाहिलं. मन भटकलं की लगेच पकडलं जातं, हे मात्र खरं.

‘पद्धतींची सरमिसळ करू नका,’ असं आमच्याकडे बजावून सांगतात. शिकताना ते बरोबरच आहे. पण दुसऱ्याच्या गुरूला हात जोडणं म्हणजे काही सरमिसळ नव्हे. अनागारिक (घरदार सोडलेले साधक) मुनींद्र बघा. महासींकडे ब्रह्मदेशात शिकले, बोधगयेच्या बर्मी विहारात कित्येकांना शिकवलं, शिष्यांना इतर आचार्यांकडेही खुशाल जाऊ दिलं आणि उत्तरायुष्यात आमच्या इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रावर येऊन राहिले. कोलकात्याच्या दीपा मा त्यांच्याच शिष्या. घरसंसारात राहून त्या ध्यानात इतक्या खोल गेल्या, हे मला फार मोलाचं वाटतं.

व्हिएतनामी झेन गुरू तिक न्यात हन्ह सांगत, पोहोचण्यासाठी चालू नका, चालण्यासाठी चाला. वारकऱ्याच्या गळी हे उतरणं कठीण; त्याला एकादशीला पंढरी गाठायचीच असते! तरी एका श्वासाला किती पावलं पडतात, ते मी बराच वेळ पाहत होतो. चाल आपसूक मंदावली आणि मागचे लोक पुढे निघून गेले.

राजगीरला रोपवेनं रत्नागिरी डोंगरावर गेलो. तिथला विश्वशांती स्तूप १९६९चा, जपानी भिक्षू निचिदात्सु फुजी गुरुजींच्या प्रेरणेनं उभा राहिलेला. गोएंका गुरुजींनी मुंबईत पहिलं शिबिर घेतलं तेही १९६९मध्येच. फुजी गुरुजी १९३३मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले होते, आणि ‘नम्यो हो रेंगे क्यो’ (पद्मसूत्राला वंदन) हा त्यांचा जप पुढे सेवाग्रामच्या प्रार्थनेत आला. त्यांच्या परंपरेतली माणसं पंख्याच्या आकाराच्या, एकाच बाजूनं मढवलेल्या हातढोलावर ठेका धरून तोच जप करत मैलोन्‌मैल चालतात. टाळ-मृदंगात वाढलेल्या माझ्यासारख्याला ते लगेच आपलं वाटतं. डोळे मिटून गप्प बसण्यालाच साधना म्हणणाऱ्या आमच्या काही विपश्यी मित्रांनी त्या ढोलामागून एकदा तासभर चालून बघावं, मग वाद घालायला मी आहेच.