ट्रक कॅम्पर: पुढच्या उजव्या जॅकची बदली, काम कुठवर आलंय

कॅम्पर (ट्रकच्या हौद्यात बसवायची राहण्याची खोली) ट्रकवरून उतरवलेला, चार जॅकवर, म्हणजे कोपऱ्यांतल्या मोटरने वर-खाली होणाऱ्या पायांवर उभा, आणि पुढचा उजवा मध्येच अडकलेला. मोटर गुरगुरते, पाय हलत नाही. हाताने रॅचेट लावून फिरवलं तरी तेच. म्हणजे गिअर किंवा स्क्रू गेलाय, वायरिंग नव्हे. कॅम्पर ट्रकच्या हौद्यात बसवून बांधलेला असता तर जॅक सरळ काढता आला असता. इथे आधी आधार हवा.

तीन पायांवर तिपाई उभी राहते, कॅम्पर नाही. पुढचा उजवा पाय काढला की आधाराच्या त्रिकोणाची कड पुढच्या डाव्या जॅकपासून मागच्या उजव्यापर्यंत तिरकी जाते. गुरुत्वमध्य मधोमध न पडता जरा जरी पुढे असला, तर तो त्या कडेच्या बाहेर गेला. मग कलंडायला धक्काही लागत नाही.

पाण्याच्या टाक्या रिकाम्या केल्या. १५० लिटर पाणी म्हणजे १५० किलो. तळाखाली १०० मिमी चौरस, ५० सेमी लांब लाकडी ठोकळे दोन-दोन आडवे-उभे रचून चार चवडी उभारल्या. उंची ७० सेमी, म्हणजे एका चवडीला १४ ठोकळे. खाली जाड प्लाय, नाहीतर माती दबते. पोकळ सिमेंटचे ब्लॉक नकोतच, ते न सांगता फुटतात. कॅम्परच्या बाजूंना बाहेर आलेल्या भागांखालीही (पंखांखाली) टेकू नको, तिथलं लाकूड पातळ असतं.

पुढच्या उजव्या कोपऱ्यालगत वेगळ्या चवडीवर बॉटल जॅक (तेलाच्या दाबावर उचलणारा छोटा हायड्रॉलिक जॅक), त्याच्या डोक्यावर फळी. हळूहळू उचलत, मागोमाग चवडी आणि तळ यांच्या फटीत पाचरी ठोकत गेलं. बिघडलेल्या पायाखालून कागद सरकला, म्हणजे त्यावरचा भार उतरला, तिथे थांबून पाचरी घट्ट केल्या, मग बॉटल जॅक सोडला. वजन हायड्रॉलिकवर ठेवून काम करायचं नाही, सील कधी गळेल सांगता येत नाही. आत कोणी नाही, खाली हात नाही.

जॅक कॅम्परला धरणाऱ्या ब्रॅकेटचे दोन लॅग स्क्रू (लाकडात बसणारे जाड स्क्रू) नुसतेच गरगर फिरत होते. भोकाभोवतीचं लाकूड काळं, नखाने खरवडलं जाईल इतकं मऊ. जुनं सीलंट फाटून पाणी मुरलेलं. कुजका भाग कोरून इपॉक्सी भरलाय, तो सुकतोय.

बाकी: ब्रॅकेटमागे ब्यूटाइल टेप (पाणी रोखणारी चिकट रबरी पट्टी), मग नवा जॅक. वायरी उलट जोडल्या की पाय उलट दिशेला धावतो, म्हणून आधी भार न देता वर-खाली चालवून बघायचा. तोवर पाचरी रोज तपासायच्या, लाकूड भाराखाली दबत राहतं.